बांधावरील देशी कांटेरी वनस्पती व पिकांचे परागवाहक

भाताची मळणी झाली, पेंढ्याची उडवी रचून झाली, कीं आपल्या ठाणें-कल्याणकडील शेतकरी बांधाकडे वळतो. बांधावर जें जें कांटेरी दिसेल तें कोयत्यानें तोडावें, आंकडीनें ओढून एका जागीं रचावें, आणि पुढें राब भाजण्याच्या कामीं लावावें, ही वहिवाट फार जुनी आहे. ज्यांस कोयत्याचा कंटाळा येतो ते अलीकडे तणनाशकाचा पंप पाठीस लावितात. दोन्ही रीतींच्या मुळाशीं समजूत एकच, कीं कांटा म्हणजे निरुपयोगी वस्तु. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, पायांत मात्र तो मोडतो. तेव्हां तो गेलेलाच बरा. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं बांधावरच्या कांट्यांत आपले व परके असे दोन वर्ग आहेत. परका वर्ग अवश्य काढावा, परंतु आपला वर्ग सरसकट नाहींसा केल्यानें आपल्याच भाजीपाल्याचें नुकसान होतें.

या गोष्टीकडे आमचें लक्ष कसें गेलें तें सांगितलें पाहिजे. कल्याण तालुक्यांत काळू नदीच्या कांठीं आमचा थोडा मळा आहे. तेथें भातानंतर आम्ही काकडी, कारलीं व भोपळा करितों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं मोठ्या हौसेनें मळ्याचे चारी बांध आरशासारखे स्वच्छ केले. त्या हंगामांत वेल उत्तम वाढले, फुलेंहि भरपूर आलीं. पण काकड्या वांकड्या, एका टोकास फुगीर व दुसऱ्या टोकास बारीक अशा निघूं लागल्या, आणि कित्येक कोंवळीं फळें पिवळीं पडून गळलीं. खत कमी पडलें असें समजून आम्हीं खत वाढविलें. पाण्याची पाळी बदलून पाहिली. औषधहि मारलें. कशानेंच फरक पडेना. शेवटीं एके दिवशीं सकाळीं वेलाशेजारीं नुसतें बसून पाहिलें, तेव्हां सूर्य चांगला वर येईपर्यंत फुलांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच माशा आल्या. शेजारच्या मळ्यांत मात्र गुणगुण चालू होती. त्या शेजाऱ्यानें ओढ्याकडील बांध तोडलाच नव्हता. त्याचें कारण तो स्वतःच हंसून 'आळस' असें सांगतो! त्या बांधावर तालिमखाना व काटेरिंगणी दाट माजली होती.

एका हंगामाच्या एका अनुभवावरून सिद्धांत काढूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु हा अनुभव शास्त्राच्या विरुद्ध नसून त्यास धरूनच आहे. तें कसें तें आतां पाहूं.

भाताच्या लोंबींस कीटकांची गरज नसते; भाताचें फूल बहुतांशीं आपल्याच परागानें फळतें. म्हणून भात हेंच ज्याचें एकमेव पीक त्याला माशी आली काय, न आली काय, सारखेंच. परंतु काकडी, कारलें, पडवळ, दुधी, शिराळें, भोपळा, कलिंगड या वेलवर्गांत नर व मादी फुलें निरनिराळीं असतात. त्यांचा पराग जड व चिकट असून तो वाऱ्यानें उडत नाहीं. नराचा पराग मादीच्या टोकावर कोणीतरी नेऊन ठेवावाच लागतो. तो पुरेसा पोंचला नाहीं तर आंतील सर्व बीजें धरत नाहींत, आणि ज्या बाजूचें बीज धरलें नाहीं ती बाजू वाढत नाहीं. फळ वांकडें होण्याचें एक मोठें कारण हेंच होय. काकडी, कारलीं व भोपळा यांचीं फुलें सकाळीं उमलतात व मधमाशा त्यांवर येतात. दुधी व शिराळें यांचीं फुलें सायंकाळीं उमलतात; त्यांचें बरेंचसें काम रात्रीचे पतंग करितात. वांग्याची तऱ्हा आणखी निराळी आहे. वांग्याचा पराग पिवळ्या नळीसारख्या पुंकेसरांत कोंडलेला असून तो टोंकाच्या भोंकांतून बाहेर येतो. काळा भुंगा व निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी फुलास बिलगून अंग थरथरवितात, तेव्हां मिठाच्या डबींतून मीठ पडावें तसा तो पराग गळतो. पाळींव मधमाशीस ही थरथर साधत नाहीं. म्हणून मधमाशीची पेटी विकत आणली तरी वांग्याच्या बाबतींत भुंग्याची उणीव तिनें भरून निघत नाहीं.

ही गरज आपल्यापुरतीच नाहीं. जगांतील ११५ प्रमुख अन्नपिकांचा आढावा २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. त्यांत ८७ पिकें कमी-अधिक प्रमाणांत कीटक व इतर प्राणी यांनीं केलेल्या परागवहनावर अवलंबून असल्याचें आढळलें. धान्याची रास मोठी दिसते ती वाऱ्यावर व स्वतःवर फळणाऱ्या पिकांमुळें. पण फळें, भाज्या व गळिताचीं धान्यें यांचा पुष्कळसा भार या लहान जीवांवर आहे.

आतां प्रश्न असा, कीं माशीचा आणि कांट्याचा संबंध काय? उत्तर आपल्याच वहिवाटींत आहे. भात निघाल्यावर आपण गुरें मोकळीं सोडतों. तीं बांधावरचें सर्व मऊ गवत व झुडूप खाऊन टाकतात. ज्यास कांटा आहे किंवा ज्याचा वास उग्र आहे तेवढेंच त्यांच्या तोंडून वांचतें, आणि जें वांचतें तेंच फुलतें. म्हणजे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, आपल्या वेलांस फुलें येण्यापूर्वीं व फुलांचा एक बहर संपून दुसरा येईपर्यंत, माशीला बांधावर अन्न मिळतें तें मुख्यतः या कांटेरी झाडांवर. माशी ही कांहीं आपल्या मळ्यांत काकडी फुलली त्या दिवशीं आकाशांतून उतरत नाहीं. वर्षाचे बाराहि महिने तिला जवळपास खायला व राहायला मिळालें तरच ती त्या दिवशीं हजर असते. बैल नांगरापुरता पोसतां येत नाहीं, तसेंच हें आहे.

आपल्या भागांतील या वर्गांतल्या मुख्य वनस्पतींची ओळख खालीं देतों.

तालिमखाना. कोंकणांत यास कोळिस्ता, कोळशिंदा अशींहि नांवें आहेत, संस्कृतांत कोकिलाक्ष. भातखाचरांच्या कडेस, ओहोळांत व पाणी सांठणाऱ्या खड्ड्यांत हा पावसाळ्यानंतर जोमानें वाढतो. प्रत्येक पेराशीं लांब पिवळसर कांटे व त्यांच्यामध्यें निळीं-जांभळीं फुलें असतात. याचें बीं औषधी असून बाजारांत विकलें जातें. मधमाशा व भुंगे यावर सारखे असतात. पंखांवर मोराच्या डोळ्यासारखे ठिपके असलेलें नारिंगी फुलपांखरूं आपण पाहिलें असेल. त्याच्या अळ्या याच झाडाच्या पानांवर वाढतात.

गोरखमुंडी. हिला कांटा नाहीं, पण हिचें कूळ करडईचें. हिचे गुलाबी-जांभळे, गोंड्यासारखे गोल गेंद कापणीनंतरच्या ओल्या खाचरांत जागोजाग दिसतात. उग्र वासामुळें गुरें हिला सहसा टाळतात. भाताचें वावर सुकत असतां त्यांत रंग दिसतो तो बहुधा हिचाच. लहान माशा व फुलपांखरें यांची हिच्यावर गर्दी असते.

उंटकटारी. इंग्रजी पुस्तकांत ज्यांस 'थिसल' म्हणतात त्या वर्गांतली ही आपली खरी देशी प्रतिनिधि होय. पानें कांटेरी, आणि फुलांचा निळसर-पांढरा कांटेरी चेंडू. ही कोरड्या माळाची वनस्पति असल्यानें घाटावर पुष्कळ व आपल्याकडे थोडी आहे. म्हणूनच जेथें ती आहे तेथें ती विशेष जपावी. घाटावरील शेतकरी ज्वारीभोंवतीं करडईच्या ओळी लावितो, कांटा असल्यानें ढोरें आंत शिरत नाहींत, आणि फुलांवर माशाहि येतात. ज्या करडईला आपण पीक म्हणतों तीहि याच कांटेरी घराण्यांतली आहे, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे उंटकटारीकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलेल.

काटेरिंगणी. जमिनीसरशी पसरणारी, जांभळ्या फुलांची व पिवळ्या गोल फळांची ही वनस्पति वैद्यांच्या दशमुळांपैकीं एक आहे. ती वांग्याची सख्खी बहीण असून तिचीं फुलेंहि वांग्यासारखींच आहेत. वांगीं नसतात त्या महिन्यांत थरथर करणाऱ्या भुंग्यांना हिच्यापासून पराग मिळतो.

काटेकोरांटी. पिवळ्या फुलांचें हें झुडूप कुंपणास उत्तम. दिवाळीच्या सुमारापासून थंडीभर फुलतें. फांदी लावली तरी जगतें.

मारांडी. ठाण्याच्या खाडीकडील व उल्हास नदीच्या मुखाकडील शेतकऱ्यांस ही सांगावयास नको. खाजणांत व चिखलांत वाढणारी, जाड कांटेरी पानांची व निळ्या फुलांची ही वनस्पति. हिच्यावर भुंगे व शिंजीर पक्षी मधासाठीं येतात. हिच्या दाट मुळ्या चिखल धरून ठेवितात, त्यामुळें कांठ ढांसळत नाहींत.

तालिमखाना, काटेकोरांटी व मारांडी या तिघी एकाच कुळांतल्या असून डोंगरावरील कारवी त्यांची चुलत बहीण आहे. कारवी सात वर्षें वाढून आठव्या वर्षीं एकदांच फुलते. २००८ व २०१६ सालीं येऊरच्या डोंगरांत ती फुलली, तेव्हां सारा डोंगर माशांनीं भरून गेला होता. परंतु आठ वर्षांतून एकदां पंगत घालणाऱ्या यजमानावर कोणाचें पोट भरत नाहीं. रोजची शिदोरी देणारीं झाडें बांधावरचींच.

कांट्यांचा उपयोग माशीपुरताच नाहीं. लहान वटवट्या पक्षी अशा झुडपांत घरटें बांधतो, कारण मांजर व कावळा यांस तेथें सहज शिरतां येत नाहीं. आणि पिल्लांस भरविण्यासाठीं तो दिवसभर आपल्याच पिकावरच्या अळ्या वेंचीत असतो. मुनियांचे थवे बीं खातात. सरडे, बेडूक व मुंगूस यांस आसरा मिळतो. पुष्कळ एकांड्या माशा बांधाच्या न उकरलेल्या मातींत भोंक करून राहतात, आणि काळा भुंगा वाळलेल्या लांकडांत व बांबूंत घर करितो. बांध खरवडला, वाळका बांबू जाळला, कीं फुलांबरोबर घरेंहि गेलीं.

येथें कोणी विचारील, 'मग बांधावर कांट्यांचें रान माजूं द्यावयाचें कीं काय?' तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. कांट्यांत परके पुष्कळ आहेत. पिवळा धोत्रा मेक्सिकोकडील असून त्याचें बीं मोहरींत मिसळलें गेल्यास तेल विषारी होतें. १९९८ सालीं दिल्लींत अशा तेलानें माणसें दगावलीं. घाणेरी व वेडी बाभूळ यांचेंहि मूळ अमेरिकेंतलें. गाजर गवतास कांटा नाहीं, पण त्याचा उपद्रव कांट्याहून वाईट. तें आपल्याकडे पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास प्रथम लक्षांत आलें, आणि आतां एकहि गांव त्यावांचून राहिलें नाहीं. हीं सर्व फुलण्यापूर्वीं मुळासकट उपटावीं. घाणेरीवर फुलपांखरें येतात हें खरें. पण ती दुसरें कांहींच वाढूं देत नाहीं, म्हणून तिची भीड धरूं नये.

परंतु आपला व परका हा भेद न करितां कांटा म्हणून सर्वांवर एकच शस्त्र चालविलें तर काय होतें, याचा दाखला अमेरिकेंत घडला आहे. युरोपांतून आलेल्या एका कांटेरी तणाचा तेथील कुरणांस फार उपद्रव होऊं लागला, म्हणून त्याचें बीं खाणारा एक सोंडकिडा १९६८ पासून उत्तर अमेरिकेंत मुद्दाम सोडण्यांत आला. तण कमी झालें खरें, पण किडा तेवढ्यावर थांबला नाहीं. तो तेथील देशी कांटेरी वनस्पतींच्या गेंदांतहि शिरला, आणि १९९३ पासून नेब्रास्का प्रांतांतील माळांवर त्या देशी वनस्पतींचें बीं धरणें फार घटल्याचें तेथील शास्त्रज्ञांस दिसून आलें. सोडलेला किडा परत बोलावतां येत नाहीं. आपण बांधावर मारलेलें तणनाशकहि तसेंच. तें नांव विचारून मारीत नाहीं.

देशी कांट्यांच्या बाबतींतहि दोन सावधगिऱ्या सांगणें आमचें कर्तव्य आहे. एक, तालिमखाना नाल्यांत दाट झाला तर पाण्याचा निचरा अडतो. म्हणून वाहत्या पाटांत व खाचराच्या आंत तो ठेवूं नये, कडेसच ठेवावा. दुसरी, काटेरिंगणी वांग्याच्या कुळांतली असल्यानें वांग्याचे कांहीं रोग व किडी अशा रानटी भावंडांवर तग धरूं शकतात; म्हणून वांग्याच्या वाफ्यास लागून ती नसावी, दूरच्या बांधावर असावी.

यावरून प्रत्यक्ष काय करावें, तें आम्ही येथें क्रमानें देतों.

१. सर्व बांध एकाच वर्षीं साफ करूं नयेत. चार बांध असल्यास येण्याजाण्याचे दोन मोकळे ठेवावे, व ओढ्याकडील किंवा कुंपणाकडील दोन झांकलेले राहूं द्यावे.

२. तोडणें असेल तर बीं पडल्यावर तोडावें. तालिमखाना व गोरखमुंडी हीं हंगामी आहेत. फुलांत असतांना तोडलीं तर पुढील वर्षाचें बींहि गेलें.

३. राबासाठीं घाणेरी, रानमोडी असा परका पाला आधीं वापरावा. देशी झुडूप शेवटीं.

४. तारेच्या कुंपणाऐवजीं किंवा त्याच्या आंतून काटेकोरांटीची ओळ लावावी. पावसाच्या आरंभीं फांद्या लावल्यास खर्च जवळजवळ नाहीं.

५. पिकावर औषध मारणें टाळतां येत नसेल, तर काकडी-कारल्यावर तें सकाळीं फुलें उघडीं असतांना कधींहि मारूं नये. दुधी-शिराळ्याचीं फुलें सायंकाळीं उमलतात, म्हणून त्यांवर तिन्हीसांजेस मारूं नये. दोन्ही वेल एकत्र असल्यास दुपार टळल्यावर व सायंकाळचीं फुलें उमलण्यापूर्वीं मारावें. फुलांवर आलेल्या बांधाकडे फवारा जाऊं देऊं नये.

६. कुंपणाचा एखादा वाळका बांबू भुंग्यासाठीं तसाच राहूं द्यावा, व बांधाचा थोडा भाग न खरवडतां ठेवावा.

७. ज्यांची जमीन खाडीला लागून आहे त्यांनीं मारांडीस हात लावण्यापूर्वीं कायद्याचा विचार करावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानें व २०१८ च्या निकालानें कांदळवनाची तोड मना आहे. खारबांधाच्या डागडुजीचें काम निघाल्यास वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे आधीं चौकशी करणें शहाणपणाचें. ठाणें खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें, हेंहि विसरूं नये.

या उपायांचा खरेपणा पटत नसेल, तर आमच्या शब्दावर विश्वास न ठेवितां आपल्याच मळ्यांत एक परीक्षा पाहावी. काकडीचीं उद्यां उमलणारीं मादी फुलें सायंकाळीं निवडावीं. मागें इवलीशी काकडी असते ती मादी. दहा फुलांवर विरळ कापडाची पिशवी बांधावी व तीं तशींच राहूं द्यावीं. दुसऱ्या दहांवरहि पिशवी बांधावी, मात्र सकाळीं ती सोडून नर फुलाचा पराग हातानें लावावा व पुन्हां बांधावी. तिसरीं दहा उघडीं ठेवावीं. आठवड्यानें पाहावें. पिशवींतलीं पहिलीं दहा बहुतेक गळतील. हातानें फळविलेलीं धरतील. उघडीं दहा दुसऱ्यांच्या बरोबरीनें धरलीं तर आपल्या मळ्यांत माशी पुरेशी आहे. तीं मागें पडलीं तर माशी कमी आहे, व खताचा खर्च वाढवून ती उणीव भरणार नाहीं. एक सूचना मात्र, कीं नवीन जातींपैकीं कांहीं काकड्या परागावांचूनच फळ धरणाऱ्या असतात. परीक्षेस जुनी गांवठी जात घ्यावी. हातानें फळविण्याची मजुरी किती होईल याचा हिशोब ज्यानें त्यानें करावा. ती मजुरी माशी आजवर फुकट करीत आली आहे.

शेवटीं एक गोष्ट मोठ्या खेदानें लिहावी लागते. कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका १९८३ सालीं झाली. २०१५ सालीं सत्तावीस गांवें पुन्हां तिच्या हद्दींत आलीं. शिळफाटा, टिटवाळा, घोडबंदर, जिकडे पाहावें तिकडे शेतांचे भूखंड होत आहेत. भूखंडाला बांध नसतो, भिंत असते. ज्या वेगानें बांध जात आहेत त्या वेगानें माशीचें अन्नहि जात आहे, आणि उरलेल्या शेतांवर त्याचा भार पडत आहे. हें थांबविणें एकट्या शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. पण उरलेला बांध त्याच्या हातीं आहे. ठाण्याजवळ ओवळें येथील ओवळेकर वाडी पाहावी. तेथें एका कुटुंबानें आपली वाडी देशी झाडांनीं भरून फुलपांखरांचें उद्यान केलें, व आज लोक मुद्दाम तें पाहण्यास जातात. सातारा जिल्ह्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं देशांतील पहिलें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें, तें तेथील लोकांनीं रान व माशी या दोहोंस जपलें म्हणून. आपल्या गांवांत जैवविविधता समिति असेल तर तिच्या नोंदवहींत बांधावरच्या या वनस्पती अवश्य लिहवाव्या. ज्याची नोंद नाहीं त्याचा नाश कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

आम्हीं आमच्या मळ्याचे दोन बांध पुन्हां वाढूं दिले आहेत. पहिल्या वर्षीं फारसें कांहीं दिसलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं तालिमखाना आला, त्यामागून भुंगे आले, आणि गेल्या हंगामांत काकडी सरळ निघाली. यांत हवापाण्याचा वांटा किती व बांधाचा किती, हें सांगण्याइतके आम्ही धीट नाहीं. चार हंगाम आणखी पाहूं, मग सांगूं. तोंवर, ज्या वाचकांनीं वरील परीक्षा करून पाहिली असेल त्यांनीं आपल्या तिन्ही दहांचा हिशोब, जात व महिना यांसह, मासिकाकडे अवश्य पाठवावा. अनुकूल असो वा प्रतिकूल, तो आम्ही छापूं.